मार्लावाईच्या समाध्या आणि लंडनमधले खोके

दर वर्षी ११ जानेवारीला तेलंगणातल्या मार्लावाई नावाच्या लहानशा गोंड गावात आसपासच्या वाड्यापाड्यांतली माणसे जमतात. तिथे दोन समाध्या आहेत. त्यांच्यावर फुले वाहिली जातात, सरकारी अधिकारी येतात, भाषणे होतात. समाध्या कुणा गोंड राजाच्या नव्हेत, संताच्याही नव्हेत. एक आहे एलिझाबेथ ऊर्फ बेटी या इंग्रज बाईची. १९८७ साली हैदराबादेत तिचे निधन झाले आणि तिला इथे आणून पुरले. दुसरी तिच्या नवऱ्याची, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची. तो १९९५ साली लंडनमध्ये वारला आणि त्याच्या अस्थी २०१२ साली मुलाने मार्लावाईला आणल्या.

माणूस मार्लावाईला परतला. त्याचे कागद मात्र लंडनमध्येच राहिले. लंडन विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेच्या अभिलेखागारात त्याच्या रोजनिश्या, टिपणवह्या, हजारो छायाचित्रे आणि तासन्‌तास चालतील एवढ्या चित्रफिती जपून ठेवल्या आहेत. शास्त्रज्ञ गेल्यावर त्याच्या खासगी कागदांचे काय होते, काय व्हायला हवे आणि ते नेमके कुणाचे, हे तिन्ही प्रश्न या एका उदाहरणात एकत्र भेटतात. म्हणून आज थोडे आदिलाबादकडे जाऊ या. आपल्या गोव्यापासून ते दूर आहे खरे, पण वाटते तितके परके नाही.

आदिलाबाद म्हणजे गोदावरी आणि पैनगंगा यांच्यामधला डोंगराळ, सागवानी मुलूख. पूर्वी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते. तिथल्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दू अशा पाच भाषा कानांवर पडतात. गोंडांची दैवतकथा गाणारे प्रधान लोक घरात मराठी बोलतात आणि देवासमोर किकरी वाजवत गोंडीत गातात. आपल्याकडे घरात कोकणी आणि देवळात मराठी हे जसे कुणाला खटकत नाही, तसेच ते. २०१६ साली या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. मार्लावाई आता कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. ज्या केसलापूरला नागोबाची मोठी जत्रा भरते ते आदिलाबादेतच राहिले.

हायमेनडॉर्फ इथे आला तो काहीसा अपघातानेच. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १९३६-३७ मध्ये कोन्याक नागांमध्ये राहून अभ्यास करून गेला होता. १९३९ साली पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी हिटलरने गिळलेला, त्यामुळे याच्या खिशात पासपोर्ट जर्मन. म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो शत्रूराष्ट्राचा नागरिक. पण ओळखीपाळखी कामी आल्या आणि तुरुंगछावणीऐवजी हैदराबाद संस्थानात राहून आदिवासींचा अभ्यास करण्याची मुभा मिळाली. आधी चेंचू, मग गोदावरीकाठचे रेड्डी आणि मग आदिलाबादचे राजगोंड. नवराबायको मार्लावाईत झोपडी बांधून राहिली.

त्यावेळी डोंगर धुमसत होता. जंगल राखीव झाले होते, बाहेरून आलेल्या सावकारांनी आणि वतनदारांनी जमिनी बळकावल्या होत्या, पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या गोंडाच्या हाती कागद नव्हता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमुरम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हे असे का झाले, याचे उत्तर सरकारला हवे होते. हायमेनडॉर्फने ते अहवालांतून दिले आणि सरळ दिले: जमीन द्या, सावकाराला आवरा, शाळा काढा. १९४५ साली तो निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार झाला. त्या दशकात सुमारे १,६०,००० एकर जमीन आदिवासींच्या नावावर झाली. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, हा दरबारही त्यानेच सुरू करवला. तो आजही भरतो.

आणि शाळा! ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. १९४३ मध्ये मार्लावाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांना गोंडीत शिकवायचे ठरले. पण गोंडी लिहायची कोणत्या लिपीत? निवड झाली देवनागरीची, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती त्यांना ती मराठीतून झालेली होती. देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके छापली गेली. पुढे राज्यपुनर्रचनेनंतर हा भाग आंध्र प्रदेशात गेला, शाळा तेलुगूच्या झाल्या आणि तो प्रयोग मागे पडला. भाषा, लिपी आणि राज्याची सीमा यांचे गुंते आपल्याला नवे नाहीत. त्यामुळे त्या पुस्तकांविषयी वाचताना गोव्यातल्या माणसाला आतून काहीतरी ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता कागदांकडे वळू. हायमेनडॉर्फने पुस्तके पुष्कळ लिहिली. मग त्याच्या वह्या कशाला हव्यात? छापील पुस्तक आले की कच्चे टिपण रद्दीत, असा आपला साधा हिशेब असतो. पण त्याच्या गोंडांवरच्या पुस्तकाचेच पाहा. १९४८ साली निघालेल्या त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच 'पहिला भाग: पुराणकथा आणि विधी' असे आहे. पुढचा भाग त्या स्वरूपात कधी निघाला नाही. गोंडांच्या समाजव्यवस्थेवरचे पुस्तक नवराबायकोने मिळून लिहिले आणि ते आले १९७९ साली. म्हणजे तीस वर्षे तो ऐवज वह्यांमध्येच होता! वह्या गहाळ झाल्या असत्या तर?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निवृत्तीनंतर हायमेनडॉर्फ पुन्हा त्याच गावांत हिंडला. गाव तेच, शिवार तेच. पण ज्यांना जमिनी मिळाल्या होत्या त्यांतल्या अनेकांच्या हातून त्या सुटल्या होत्या. रस्ते झाले, बाहेरचे लोक आले, कायदा कागदावर राहिला. १९८२ च्या 'ट्राइब्ज ऑफ इंडिया: द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल' या पुस्तकात त्याने हे मांडले. चाळीस वर्षांपूर्वी कोण काय कसत होते, हे त्याने स्वतः नोंदले होते, म्हणून त्याच्या म्हणण्याला वजन आले. याच काळात, २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला आदिवासींच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३. लोक सांगतात तो त्याहून कितीतरी मोठा. जमिनीचा प्रश्न किती खोल गेला होता ते या एका तारखेवरून कळते. अशा ठिकाणी जुनी वही हा पुरावा असतो.

पुस्तकात निष्कर्ष असतो. वहीत तो निष्कर्ष कसा निघाला ते असते: खोडलेले वाक्य, समासातली शंका, कुणी सांगितले, कोणत्या दिवशी, त्यावेळी कोण हजर होते. विज्ञान म्हणजे नुसते उत्तर नव्हे, उत्तर तपासता येणे. आणि तपासायचे तर वही हवी. हे भौतिकशास्त्राला लागू आहे, वनस्पतिशास्त्राला आहे आणि माणसांच्या शास्त्राला तर जास्तच, कारण रसायन पुन्हा तापवून पाहता येते. १९४२ ची जत्रा पुन्हा भरवता येत नाही.

श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९२० साली ते गेले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात लिहिलेली त्यांची सुटी पाने फिरत फिरत जी. एन. वॉटसन या इंग्रज गणितज्ञाकडे पोचली. १९६५ मध्ये वॉटसन वारले. त्यांच्या खोलीत कागदांचा खच पडला होता आणि काही दिवसांत तो जाळून टाकायचा बेत होता. तेवढ्यात व्हिटेकर नावाचे दुसरे गणितज्ञ तिथे गेले आणि त्या ढिगातून रामानुजनांची पाने वर आली. १९६८ साली ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पोचली. तिथेही कुणाच्या नजरेत न येता पडून राहिली आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाला सापडली. तीच ती 'हरवलेली वही'. सहाशेहून अधिक सूत्रे तिच्यात होती आणि गणितज्ञ त्यांवर पुढे अनेक दशके काम करत राहिले. यात दोन धडे आहेत. आगीतून वाचवणे हा पहिला. ग्रंथालयात ठेवूनही यादी नीट नसेल तर वस्तू हरवलेलीच असते, हा दुसरा.

इंग्लंडात हा दुसरा धडा लोकांनी मनावर घेतला. १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट गोविंग आणि भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती यांच्या पुढाकाराने समकालीन शास्त्रज्ञांच्या कागदांसाठी एक केंद्र निघाले. या केंद्राची गंमत अशी की ते स्वतः काहीच साठवत नसे. शास्त्रज्ञ वारला की घरच्यांशी बोलायचे, खोके आणायचे, कागद लावायचे, तपशीलवार यादी करायची आणि मग त्या माणसाशी संबंध असलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते सोपवायचे. १९८७ मध्ये हे काम बाथ विद्यापीठात गेले आणि २००९ पर्यंत चालले. नंतर पैशाअभावी तेही थांबले. म्हणजे श्रीमंत देशांतसुद्धा हे काम आपोआप होत नाही. कुणीतरी हट्टाने करत राहावे लागते.

यादी करणे म्हणजे काय, तेही सांगतो. अभिलेखागारात एक नियम पाळतात: माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही. आपल्याला वाटते, पत्रे एकीकडे काढू, फोटो दुसरीकडे, नकाशे तिसरीकडे. कसे नीटनेटके होईल! पण समजा एका पाकिटात एक फोटो, एक चिठ्ठी आणि एका वाड्याचा कच्चा नकाशा एकत्र आहे. ते एकत्र आहे म्हणूनच फोटोतले घर कुणाचे ते कळते. वेगळे केले की तिन्ही मुकी होतात. घरच्यांनी प्रेमाने केलेली आवराआवर कित्येकदा वाळवीपेक्षा जास्त नुकसान करते.

आता अवघड प्रश्न. गोंडांचा हा सारा ठेवा लंडनमध्ये का? एक उत्तर तयार असते: तिथे होता म्हणून वाचला, इथे असता तर उंदरांनी खाल्ला असता. हे उत्तर अर्धेच खरे आहे. कारण आदिलाबादेतच त्याला उत्तर देणारे एक गाव आहे. त्याचे नाव गुंजाळा. २००६ साली हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांना, प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने, या गावात वेगळ्याच लिपीतली सुमारे डझनभर गोंडी हस्तलिखिते मिळाली. बाहेरच्या जगाला ती लिपी ठाऊकच नव्हती. गावातल्या थोड्या वृद्धांना ती वाचता येत होती आणि त्यांनी ती पोथ्यांसकट जपली होती. पुढे तिचे संगणकीय टंक झाले, वाचनपुस्तके निघाली आणि २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' या नावाने तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ज्यांना आपण निरक्षर म्हणत होतो त्यांनी कोणत्याही अनुदानाशिवाय, वातानुकूलित खोलीशिवाय पिढ्यानपिढ्या कागद सांभाळले. तेव्हा 'आपल्या लोकांना जपता येत नाही' असे म्हणणाऱ्याने आधी गुंजाळाला जाऊन यावे.

पण म्हणून लंडनचे कागद उचलून आणा, एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. मूळ कागदाला ठरावीक थंडावा, कोरडेपणा आणि निगा लागते. शिवाय मानववंशशास्त्रज्ञाच्या वहीत कुणाचे कर्ज, कुणाचा घटस्फोट, कुणाचे भांडण असेही असते. ती नावे ज्यांची, त्यांची नातवंडे आज त्याच गावांत राहतात. काय उघडे ठेवायचे आणि काय काही वर्षे झाकायचे, यात त्यांचा शब्द असायला हवा. मला वाटते ते असे: मूळ कुठेही असो, प्रत मार्लावाईला, उटनूरला, आदिलाबादला पोचली पाहिजे. हायमेनडॉर्फची पुष्कळशी छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली गेली आहेत, ही चांगली सुरुवात आहे. पण खाली 'गोंड स्त्री' एवढेच लिहिलेला फोटो पाहून तिचे नाव सांगू शकेल असे माणूस लंडनमध्ये मिळणार नाही. ते मार्लावाईतच मिळेल, आणि तेही आणखी थोडीच वर्षे. फोटो परत गेला तर फोटोचेच ज्ञान वाढते. कागदाला त्याच्या मुलखाची गरज असते ती अशी.

आणि आपण? गोव्याने विज्ञानाला माणसे कमी दिली नाहीत. १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ताचे इथल्या औषधी वनस्पतींवरचे पुस्तक गोव्यातच छापले गेले. १८४२ पासून पणजीत वैद्यकशाळा चालली. तिचे संचालक आणि जंतुशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो बाणावलीत जन्मले आणि १९५५ साली ब्राझीलमध्ये वारले. गोंयकार शास्त्रज्ञ असा जगभर पांगतो, आणि माणूस पांगला की त्याचे कागदही पांगतात.

दामोदर कोसंबींचे घ्या. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४५ ते १९६२ पर्यंत होता. त्याने हजारो जुनी नाणी तराजूत तोलून संख्याशास्त्राने इतिहास वाचला. १९६६ साली पुण्यात गेला. त्याच्या पुस्तकांचा संग्रह दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. त्याची कन्या मीरा कोसंबी हिने आयुष्याच्या उत्तरार्धात वडिलांचे आणि आजोबा धर्मानंदांचे साहित्य पुन्हा वाचकांसमोर आणले. तीही २०१५ मध्ये गेली. गणितावरचे त्याचे विखुरलेले लेख राम रामस्वामी यांनी संपादून २०१६ साली एकत्र आणले, तेव्हा कुठे अनेकांना कळले की इतिहासकार म्हणून ठाऊक असलेला हा माणूस गणितात काय करत होता. पण मूळ संख्यांवरच्या त्याच्या पुस्तकाचे हस्तलिखित आज मिळत नाही. त्याच्या नावाने आपण २००८ पासून पणजीत व्याख्यानमाला भरवतो आणि सभागृह ओसंडून वाहते. अभिमानच आहे. पण एका हस्तलिखिताची किंमत दहा व्याख्यानांहून जास्त असते, हेही म्हणायला हवे.

गोवा विद्यापीठाला ही वाट अनोळखी नाही. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह ताळगावच्या पठारावरच्या त्या ग्रंथालयात आहे आणि अभ्यासक तो वापरतात. इतिहासकाराचे जे झाले ते शास्त्रज्ञाचे का होऊ नये? बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने २०१९ साली समकालीन विज्ञानाच्या कागदांसाठी खास अभिलेखागार उघडले. तिथे थोर शास्त्रज्ञाच्या पत्रांना जागा आहे तशीच प्रयोगशाळेतल्या साध्या वहीलाही आहे. गोव्यात एक खोली, एक प्रशिक्षित माणूस, ओल शोषणारे एक यंत्र आणि घरच्यांशी करायचा एक साधा करारनामा, एवढ्यावर आरंभ होईल. करारात काय द्यायचे, काय वीस-तीस वर्षे बंद ठेवायचे, प्रत कुणाला मिळायची ते स्पष्ट असले म्हणजे झाले. मुलानातवांच्या मनात भीती असते ती खासगी पत्रांची, आणि ती अगदी रास्त आहे.

पण विद्यापीठाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्या गावात कुणी मासळीवर काम केलेले असेल, कुणी काजूच्या रोगावर, कुणी खाजन जमिनींच्या खारेपणावर. कुणी वैद्य असेल ज्याने झाडपाल्याच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, मराठीत, नाहीतर मोडीत लिहून ठेवल्या असतील. त्यांची नावे वर्तमानपत्रात आलेली नसतील. हायमेनडॉर्फच्या वह्यांत ज्यांनी माहिती सांगितली त्या गोंड म्हाताऱ्यांची तरी कुठे आली होती?

चवथ जवळ आली की आपण घर झाडतो. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, कागद अंगणात पडतात आणि रद्दीवाला दारात उभा असतो. यंदा एवढेच करा. आजोबांची किंवा काकांची अशी पेटी असेल तर ती लावू नका, निवडू नका, फेकू नका. कोरड्या जागी उचलून ठेवा. फोटोतली माणसे ओळखणारे कुणी घरात असेल तर मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या. आणि वर एक चिठ्ठी ठेवा: हे कुणाचे, त्यांनी काय काम केले, कोणत्या साली. पुढे कधीतरी कुणी ती पेटी उघडील, तेव्हा निदान ती मुकी नसेल.